एका अ‍ॅक्सलवर पाच टन : बार्शी लाईटच्या इंजिनाची गोष्ट

तुम्ही लीड्समध्ये राहत असाल किंवा तिथे शिकायला असाल, तर शहराच्या दक्षिणेचा हन्स्लेट भाग तुमच्या पायाखालून गेला असेल. इथे एके काळी किटसन नावाच्या कंपनीचा कारखाना होता, एअरडेल फाउंड्री. जगभरच्या रेल्वेंसाठी तिथे वाफेची इंजिनं बनायची. १८९०च्या दशकात या कारखान्यातून पाच छोटी, बुटकी, पण चाकांची भलतीच गर्दी असलेली इंजिनं बाहेर पडली आणि बोटीनं मुंबईमार्गे सोलापूर जिल्ह्यात पोचली. जिथे पोचली त्या स्टेशनाचं तेव्हाचं नाव बार्शी रोड. आज आपण त्याला कुर्डुवाडी म्हणतो.

घरात कुणी सोलापूर, धाराशिव, लातूर किंवा पंढरपूरकडचं असेल, तर ‘बार्शी लाईट’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. मला लहानपणी वाटायचं की या गाडीला एखादा मोठा दिवा असणार. तसं काही नाही. हा लाईट म्हणजे हलका. हलके रूळ, हलके डबे, हलकी इंजिनं. एपिसोडमध्ये आम्ही ‘हलकी’ एवढं म्हणून पुढे गेलो. पण नेमकी किती हलकी आणि का, यातच सगळी गोष्ट आहे, म्हणून इथे जरा निवांत सांगतो.

कॅलथ्रॉप आणि त्याचं गणित

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर. १८८२ साली तो जीआयपी रेल्वेत, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या आधीच्या कंपनीत, नोकरीला आला. मुंबई-मद्रास मार्ग बार्शीपासून वीस-बावीस मैल लांबून जात होता. बार्शी ही तेव्हाची मोठी बाजारपेठ. आसपासचा कापूस, धान्य, गळिताचं पीक तिथे यायचं आणि तिथून बैलगाड्या भरून स्टेशनवर जायचं. एवढ्या अंतराला बैलगाडीचे एकदोन दिवस सहज जात, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं रुतली की विचारूच नका.

मग साधी ब्रॉडगेज फाट्यानं बार्शीला का नेली नाही? पैसा. साडेपाच फुटी ब्रॉडगेजचे जड रूळ, रुंद भराव आणि भक्कम पूल एका तालुक्याच्या गावासाठी परवडणार नाहीत, असं सगळ्यांचंच मत होतं. छोट्या रुळांच्या रेल्वे जगात इतरत्र होत्या, पण त्या बहुतेक खेळण्यासारख्या: माल कमी, वेग कमी, धक्के जास्त.

कॅलथ्रॉपनं इथे एक प्रश्न विचारला, तो मला फार आवडतो. रूळ किती जाड लागेल हे कशावर ठरतं? गाडीच्या एकूण वजनावर नाही. एका अ‍ॅक्सलवर किती वजन येतं त्यावर. (अ‍ॅक्सल म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा. बैलगाडीत त्याला आस म्हणतात.) रूळ एकेका अ‍ॅक्सलचं वजन झेलतो. शंभर टनांची गाडी पुरेशा अ‍ॅक्सलवर वाटून दिली, तर बारीक रूळही तिला पेलतो. आणि साधारणपणे गाडीत सगळ्यांत जड अ‍ॅक्सल कुणाचा? इंजिनाचा. म्हणजे रेल्वेकंपन्या इंजिनासाठी जाड रूळ टाकत होत्या आणि मागचे हलके डबे त्या रुळाची अर्धी ताकदही वापरत नव्हते.

त्यानं नियम घालून घेतला: कुठल्याच अ‍ॅक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त वजन नाही. इंजिन असो, मालाचा डबा असो, माणसांचा असो. पण त्या पाच टनांच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं. रुळासाठी दिलेल्या पैशाचा पुरेपूर मोबदला घ्यायचा. रूळ निवडला तो यार्डाला तीस पौंड वजनाचा, म्हणजे मीटरला जेमतेम पंधरा किलो. आज भारतीय रेल्वेच्या मुख्य मार्गांवर मीटरला साठ किलोचा रूळ असतो. बरोबर चौपट. हा चारचा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मालाचे डबेही त्यानं याच हिशोबानं करून घेतले. मराठीत मालाच्या डब्याला वाघीण म्हणतात, ठाऊक आहे ना? वाघाशी काही संबंध नाही, ‘वॅगन’ आपल्या तोंडात रुळला तो असा. तर या वाघिणी पंचवीस फूट लांब, चार अ‍ॅक्सलच्या, आणि लीड्सच्याच लीड्स फोर्ज कंपनीनं दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या सांगाड्यावर बांधलेल्या. चार अ‍ॅक्सल म्हणजे वीस टनांची मर्यादा. सांगाडा हलका असल्यानं डब्याचं स्वतःचं वजन पाचेक टन, उरलेले पंधरा टन माल. अडीच फुटी रुळावर सात फूट रुंद डबा! रुंदी रुळांमधल्या अंतराच्या जवळजवळ तिप्पट. भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरता रूळ टाकून ही गाडी चालवून दाखवली, तेव्हा बघायला आलेल्या रेल्वेवाल्यांना ती पडत कशी नाही याचंच नवल वाटलं असणार.

इतकी चाकं कशाला?

आता इंजिन. वाफेच्या इंजिनांची ओळख चाकं मोजून सांगतात: पुढची छोटी चाकं, मधली ओढणारी चाकं, मागची छोटी चाकं. बार्शी लाईटचं पहिलं इंजिन होतं ०-८-४. म्हणजे पुढे छोटं चाक नाही, मध्ये ओढणारी आठ चाकं, मागे आधाराला चार. एवढ्याशा इंजिनाला आठ ओढणारी चाकं बघून तेव्हा लोकांना गंमत वाटली असेल, पण त्यात हौस नव्हती, नाइलाज होता. तो नीट समजून घेऊ.

वाफ काय करते? बॉयलरमध्ये पाणी उकळतं, वाफ दाबाखाली सिलिंडरमध्ये जाते, दट्ट्या ढकलते, दट्ट्याला जोडलेला दांडा चाक फिरवतो. पण चाक फिरलं म्हणजे गाडी हललीच असं नाही. ओल्या फरशीवर धावून बघा, पाय फिरतील आणि तुम्ही तिथेच. चाकानं रूळ धरायला हवा. गुळगुळीत पोलादावर गुळगुळीत पोलाद असल्यामुळे ही पकड बेताचीच असते. कोरड्या रुळावर, ढोबळ हिशोबानं, ओढणाऱ्या चाकांवर जितकं वजन असेल त्याच्या चौथ्या हिश्श्याइतका ओढा मिळतो. त्याहून जास्त जोर लावला की चाकं जागच्या जागी गरगर फिरतात.

म्हणजे ताकद हवी तर ओढणाऱ्या चाकांवर वजन हवं. मोठ्या रेल्वेवर हे सोपं होतं, एकेका अ‍ॅक्सलवर चांगले जड वजन टाका. कॅलथ्रॉपचे हात मात्र पाच टनांनी बांधलेले. मग एकच वाट उरते: ओढणारे अ‍ॅक्सल वाढवा. चार अ‍ॅक्सल, म्हणजे आठ चाकं, म्हणजे वीस टन, म्हणजे साधारण पाच टनांचा ओढा. कोळसा ठेवायची जागा, ड्रायव्हर-फायरमनची केबिन यांचं वजन कुठेतरी जायला हवं, ते मागच्या दोन बिनताकदीच्या अ‍ॅक्सलवर. सगळे मिळून सहा अ‍ॅक्सल. अख्खं इंजिन, कोळसा-पाण्यासकट, फार तर तीस टन. त्या काळच्या ब्रॉडगेज इंजिनापुढे हे किरकोळच.

एक बारकी गोष्ट राहिली. या इंजिनांना मागे पाण्या-कोळशाचा वेगळा डबा, म्हणजे टेंडर, नव्हता. पाणी इंजिनाच्याच टाक्यांत. त्यात फायदा असा की पाण्याचं वजन ओढणाऱ्या चाकांवर पडतं आणि पकड वाढते. तोटा असा की इंजिन चालता चालता ते पाणी पितं, वजन घटतं आणि पकडही थोडी सैल होत जाते. बार्शी सोडून येडशीकडे निघालं की बालाघाटाचा चढ लागतो. तिथे हा हिशोब कागदावर राहत नसे, फायरमनच्या घामात उतरत असे.

आणि पाणी तरी कुठलं? ही रेल्वे सुरू झाली १८९७ साली, मार्चमध्ये. १८९६-९७ हे सोलापूर जिल्ह्यातलं भीषण दुष्काळाचं वर्ष. लोक खडी फोडायच्या कामांवर जात होते, आणि त्याच मुलखात मैलामैलाला पाणी पिणारं एक नवं यंत्र येऊन उभं राहिलं. सरकारचं म्हणणं होतं की रेल्वे म्हणजे दुष्काळावरचा उपाय: १८८०च्या दुष्काळ आयोगानंच जास्त रेल्वे बांधा असं सांगितलं होतं, म्हणजे धान्य आत आणता येईल. ते खरंच आहे. पण ज्या रुळावरून धान्य आत येतं त्याच रुळावरून ते बाहेरही जातं, आणि कंपनीचे भागधारक लंडनमध्ये बसलेले होते. गाडी कुठल्या दिशेनं भरून जाईल हे भूक ठरवत नाही, भाव ठरवतो.

पंढरपूर, लातूर, मिरज

रेल्वे चालली, आणि चांगली चालली. १९०६ साली दुसऱ्या बाजूला पंढरपूरपर्यंत रूळ गेला. आता वारी पायीच करायची हे खरं, पण पायी न येऊ शकणारी माणसंही विठोबाचीच. आषाढी-कार्तिकीला डबे अपुरे पडत आणि मालाच्या वाघिणींतूनही यात्रेकरू नेले जात. ज्या वाघिणीत काल कापसाच्या गाठी होत्या तिच्यात आज माणसं. कंपनीच्या नजरेत दोन्ही टनच.

पूर्वेकडे १९११ मध्ये गाडी लातूरला पोचली. लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. म्हणजे लंडनच्या कंपनीची गाडी इंग्रजी मुलखातून निघून निजामाच्या मुलखात शिरत होती, आणि लातूरच्या व्यापाऱ्याचा माल हैदराबादपेक्षा सोप्या वाटेनं मुंबईला जात होता. राज्याची सीमा एकीकडे आणि बाजाराची दुसरीकडे, हे लातूरच्या बाबतीत तेव्हापासूनचं आहे. १९२७ मध्ये पंढरपूरच्या पुढे मिरज गाठलं आणि एकूण मार्ग २०२ मैलांचा, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरचा झाला. याच साली कॅलथ्रॉप वारला.

इंजिनंही बदलत गेली. ०-८-४ नंतर पुढेही चार छोटी चाकं असलेलं ४-८-४ आलं. मग मार्ग लांबले तसं टाक्यांतलं पाणी पुरेना, तेव्हा टेंडरवाली २-८-२ इंजिनं आली. पण मधला आठचा आकडा बघा, तो हटला नाही. कारण पाच टनांचं गणित रुळात पुरलेलं होतं.

स्टॅफर्डशायरला जाऊन बघा

यूकेत असाल तर याच डोक्याची दुसरी रेल्वे तुम्हाला पायी बघता येते. स्टॅफर्डशायरमध्ये वॉटरहाऊसेस ते ह्युम एंड अशी आठेक मैलांची लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे १९०४ साली सुरू झाली. इंजिनिअर कॅलथ्रॉप, रूळ अडीच फुटी, आणि दोन्ही इंजिनं किटसनचीच, २-६-४. बार्शीवर जमलेली युक्ती त्यानं मायदेशी नेली. सहसा उलटं सांगितलं जातं ना, की तंत्रज्ञान तिकडून इकडे आलं? इथे सोलापूर जिल्ह्यातला अनुभव इंग्लंडच्या दरीत उतरला. त्या इंजिनांच्या नाकावर भलेमोठे दिवे लावले होते. शांत इंग्रजी दरीत त्यांचा काय उपयोग, कोण जाणे! (म्हणजे माझ्या लहानपणीच्या ‘लाईट’ला थोडासा आधार निघाला म्हणायचा.)

१९३४ मध्ये ती रेल्वे बंद पडली, इंजिनं भंगारात गेली, आणि १९३७पासून त्या वाटेवर चालण्या-सायकलचा रस्ता आहे, मॅनिफोल्ड वे. वाटेत स्वेन्सलीचा बोगदा लागेल. एवढ्याशा गाडीसाठी तो नको तितका मोठा वाटतो. त्याचं कारण मजेशीर आहे. मोठ्या रुळावरच्या वाघिणी रिकाम्या न करता तशाच्या तशा उचलून नेण्यासाठी कॅलथ्रॉपनं सपाट, बुटक्या गाड्या बनवल्या होत्या. वाघिणीच्या खाली गाडी, गाडीच्या खाली अडीच फुटी रूळ. दरीतलं दूध असं मोठ्या रेल्वेपर्यंत पोचायचं, आणि बोगद्यातून हा दुमजली प्रकार जायला हवा होता.

कुर्डुवाडीला असं काही झालं नाही. तिथे बार्शी लाईटची वाघीण एका बाजूला, ब्रॉडगेजची दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये हमाल. गाठ न् गाठ, पोतं न् पोतं पाठीवरून इकडून तिकडे. भारतातली ब्रॉडगेज वाघीण जास्त जड, ती पाच टनांच्या अ‍ॅक्सलवर चढवणं अवघडच होतं, हे मान्य. पण इंग्लंडमध्ये माणसाची मजुरी महाग म्हणून यंत्र शोधलं आणि कुर्डुवाडीत पाठ स्वस्त म्हणून शोधायची गरज वाटली नाही, हेही त्यात आहे, असं मला वाटतं. आपल्या हुशार गणितात कॅलथ्रॉपनं रुळाचा, पुलाचा, पोलादाचा खर्च वाचवला. त्यातला काही खर्च वाचला नव्हता, नुसता दुसऱ्याच्या पाठीवर गेला होता.

(कॅलथ्रॉप नंतर पॅराशूटकडे वळला. रोल्स-रॉइसमधले रोल्स १९१० साली विमान अपघातात गेले, ते त्याचे मित्र. त्यानंतर त्यानं ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट केलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना ते मिळालं नाही, तो वेगळाच संतापजनक विषय आहे.)

स्वस्तात झालं, पण...

१९५४च्या १ जानेवारीला सरकारनं बार्शी लाईट विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. वाफ गेली, डिझेल आलं. रूळ मात्र अडीच फुटीच राहिला. १८९७ला जी काटकसर शहाणपणाची होती ती पन्नास-साठ वर्षांनी गळ्यात अडकली. रस्ते सुधारले, ट्रक आले, आणि कुर्डुवाडीला माल उतरवून पुन्हा चढवण्यापेक्षा लातूरहून थेट ट्रक भरणं व्यापाऱ्याला परवडू लागलं. ब्रॉडगेज करा ही मागणी दशकानुदशकं होत राहिली. ते काम शेवटी २००० नंतर तुकड्यातुकड्यानं झालं. त्यात लातूरकडचा मार्ग थोडा वळवला आणि धाराशिव, म्हणजे तेव्हाचं उस्मानाबाद, पहिल्यांदा रेल्वेवर आलं. जिल्ह्याचं ठिकाण असून जुनी गाडी त्याला टाळून गेली होती.

मग ही हलकी रेल्वे चूक होती का? मला तसं नाही वाटत. ब्रॉडगेजची वाट बघत बसले असते तर बार्शी-लातूरला आणखी कित्येक वर्षं बैलगाडीच राहिली असती. चूक झाली ती नंतर: तात्पुरती म्हणून केलेली सोय पुरेशी आहे असं समजून शंभर वर्षं तशीच ठेवण्यात.

याचा हिशोब २०१६च्या एप्रिलमध्ये फार स्पष्ट दिसला. लातूर शहराचं पाणी संपलं होतं. नळाला पाणी नाही, टँकरभोवती भांडणं. तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायचं ठरलं. ती गाडी ज्या वाटेनं गेली ती बघा: मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. बार्शी लाईटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पहिली गाडी दहा टाक्यांची होती, साधारण पाच लाख लिटर. नंतर पन्नास टाक्यांच्या गाड्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर.

आता तो चारचा आकडा. एका टाकीत पन्नास टन पाणी, टाकीचं स्वतःचं वजन पंचवीसेक टन, अ‍ॅक्सल चार: एका अ‍ॅक्सलवर एकोणीस-वीस टन. कॅलथ्रॉपच्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट. तेवढंच पाणी त्याच्या पंधरा टनी वाघिणींतून न्यायचं म्हटलं असतं तर एका खेपेला एकशे सदुसष्ट वाघिणी लागल्या असत्या, आणि त्या ओढायला आठचाकी इंजिनांची रांग. त्या इंजिनांना वाटेत प्यायला पाणी लागलं असतं ते वेगळंच.

मिरजेला आणलेल्या त्या टाक्या आधी राजस्थानात कोट्याच्या रेल्वे कारखान्यात धुऊन घेतल्या होत्या. वाफेनं.